उसने हाड: नडगीतला खोटा सांधा आणि ठाण्याच्या खाडीचे दोन काठ

हाडातली उणीव भरून काढण्यासाठी शरीराच्या दुसऱ्या भागातले किंवा दुसऱ्या माणसाचे हाड आणून तेथे बसवण्याच्या शस्त्रक्रियेला अस्थिरोपण म्हणतात. या शस्त्रक्रियेचा दीडशे वर्षांचा इतिहास वरवर पाहता हाड आणायचे कोठून या एकाच प्रश्नाभोवती फिरतो. त्या प्रश्नाचे एक उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत परळ आणि तुर्भे येथे तयार झाले आणि त्याच्या कारभाराचा एक धागा खाडी ओलांडून नवी मुंबईत, वाशीला, येऊन पोचला. तथापि, हाड मिळाल्याने अडचणीची निम्मीच बाजू सुटते. ज्या जागी ते बसवायचे ती जागा त्याला नांदू देईल की नाही हा उरलेला निम्मा प्रश्न अधिक बिकट असतो, आणि तो किती बिकट असू शकतो हे लहान मुलांच्या एका विरळ व्याधीने शल्यविशारदांना जितके शिकवले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने शिकवले असेल.

ती व्याधी म्हणजे नडगीचा जन्मजात खोटा सांधा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुढच्या बाजूला हाताला लागणारे जाड हाड ती नडगी, आणि बाहेरच्या अंगाने तिला लगटून असलेले बारीक हाड ते पोटरीचे. या व्याधीत बाळाची नडगी खालच्या भागात पुढे आणि बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखी वाकलेली असते. पुष्कळदा हे वाकणे सर्वांत आधी ध्यानात येते ते बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या, आणि घरात पहिला तर्क होतो तो मुडदुसाचा, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या अभावी हाडे मऊ पडून वाकण्याच्या आजाराचा. मुडदूस मात्र सहसा दोन्ही पायांना धरतो आणि औषधाने सुधारतो. हे वाकणे बहुधा एकाच पायात असते, औषधाला दाद देत नाही, आणि मूल उभे राहून चालू लागले की पुष्कळदा वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंतच नडगी त्या वाकलेल्या जागी मोडते. इतर मुलांचे मोडलेले हाड प्लॅस्टरमध्ये काही आठवड्यांत सांधते, पण येथे ते सांधत नाही. मोडीच्या दोन टोकांमध्ये चिवट, तंतुमय ऊती भरते, टोके तासलेल्या पेन्सिलीसारखी निमुळती होत जातात आणि जेथे सांधा नसावा तेथे पाय सांध्यासारखा हलू लागतो. साधारणपणे १ लाख ४० हजार ते दीड लाख जन्मांमागे एक असे तिचे प्रमाण सांगितले जाते. महाराष्ट्रातले वर्षाचे जन्म अठरा-एकोणीस लाखांच्या घरात धरले, तर त्या हिशेबाने राज्यात वर्षाकाठी जेमतेम डझनभर मुले ही व्याधी घेऊन जन्माला येतात. साहजिकच बहुतेक अस्थिशल्यविशारदांच्या वाट्याला सबंध कारकिर्दीत असे रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेच येतात, आणि अनुभव साठण्याची गतीही तितकीच मंद राहते.

पायाच्या हाडांच्या जन्मजात उणिवांमध्ये ही व्याधी एकटी नाही. पोटरीचे हाड अंशतः किंवा पूर्णतः नसणे हे तुलनेने अधिक आढळते, तर नडगीच नसणे फार विरळ. या दुसऱ्या प्रकारात पोटरीचे हाड मधोमध आणून मांडीच्या हाडाखाली बसवण्याची शस्त्रक्रिया ब्राउन या अमेरिकी शल्यविशारदाने १९६५ मध्ये मांडली होती, परंतु गुडघा सरळ होत नसल्याने पुढे अनेकांचा तिच्यावरचा विश्वास उडाला. या उणिवांमध्ये मुख्य झगडा लांबीशी आणि सांध्यांशी असतो, रोपलेले हाड टिकण्याशी नव्हे, म्हणून या लेखाच्या ओघात त्यांचा एवढा उल्लेख पुरे.

अस्थिरोपणाची शास्त्रीय सुरुवात फ्रान्समधल्या लिआँ शहरात झाली असे मानायला आधार आहे. तेथील शल्यविशारद ओलिए यांनी प्राण्यांवर दीर्घकाळ प्रयोग करून १८६७ मध्ये हाडांच्या पुनर्निर्मितीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हाडाला वरून चिकटून असलेले पातळ वेष्टन, ज्याला पर्यास्थि म्हणतात, तेच नवे हाड घडवते असे प्रतिपादन केले. ग्लासगोच्या विल्यम मॅकएवेन यांना ते पटले नव्हते. नवे हाड हाडाच्याच पेशी घडवतात असा त्यांचा पक्ष होता. त्यांच्या हाती आलेला रुग्ण तीन-चार वर्षांचा मुलगा होता. जंतुसंसर्गाने त्याच्या दंडाच्या हाडाचा मधला भाग सडून निघून गेला होता आणि हात आधाराविना लोंबकळत होता. त्याच सुमारास मॅकएवेन ग्लासगोच्या धुरकट वस्त्यांमधल्या मुडदूस झालेल्या मुलांच्या वाकड्या नडग्या सरळ करण्यासाठी हाडाच्या पाचरी कापून काढत असत, आणि त्या पाचरी एरवी फेकूनच दिल्या जात. त्यांनी १८७९-८० मध्ये या पाचरींचे बारीक तुकडे करून ते टप्प्याटप्प्याने त्या मुलाच्या दंडात बसवले. तुकडे जगले, एकमेकांना सांधले, हात कामाचा झाला. सुमारे तीस वर्षांनंतर मॅकएवेन यांनी हाडांच्या वाढीवरच्या आपल्या पुस्तकात नोंदवले तेव्हा तो मुलगा सुतारकाम करून पोट भरणारा प्रौढ पुरुष झालेला होता. एका माणसाचे हाड दुसऱ्याच्या शरीरात यशस्वीपणे रुजवल्याची ही आधुनिक शल्यशास्त्रातली पहिली निःसंदिग्ध नोंद, आणि तिच्यातले देणारे व घेणारे दोघेही मुलेच होती. यात लिस्टर यांच्या जंतुनाशक शस्त्रक्रियापद्धतीचा वाटा फार मोठा होता, कारण जखम पिकली असती तर ओलिए आणि मॅकएवेन यांच्यातला वाद तपासायला हाडच उरले नसते.

तुकडे जगले असे मॅकएवेन यांनी मानले खरे, पण पुढच्या पिढीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा चित्र वेगळे निघाले. रोपलेल्या हाडातल्या बहुतेक पेशी मरतात. मात्र त्याचा क्षारयुक्त सांगाडा तसाच राहतो आणि रोपणाच्या जागेतल्या रक्तवाहिन्या त्यात शिरून जुने हाड कणाकणाने पोखरत व त्याच्या जागी नवे रचत जातात. शिकागोचे फेमिस्टर यांनी १९१४ मध्ये या क्रियेचे वर्णन सरपटत पुढे जाणारी भरपाई अशा आशयाच्या शब्दांत केले, आणि ते नाव रूढ झाले. जुन्या वाड्यात माणसे राहत असतानाच एकेक तुळई काढून तिथे नवी घालावी तसे हे काम चालते. वाडा उभा राहतो खरा, पण हळूहळू त्यातल्या मूळच्या पुष्कळशा तुळया बदललेल्या असतात. उसने आणलेले हाड अशा रीतीने शरीर हप्त्याहप्त्याने फेडते. यातून निघणारी अट तेव्हा पुरेशी कोणाच्या ध्यानात आली नाही: फेड करणाऱ्या पेशी रोपणाच्या जागेतून यायच्या असल्यामुळे ती जागाच आजारी असेल तर जुने पोखरले जाईल, पण नवे रचले जाणार नाही.

आधी यशाचा काळ आला. न्यूयॉर्कच्या फ्रेड अल्बी यांनी १९११ मध्ये मणक्याच्या क्षयात नडगीच्या हाडाची पट्टी काढून पाठीच्या कण्यात बसवली, विजेवर चालणारी जोडपात्यांची करवत वापरून सुताराच्या सांध्यासारखे घट्ट बसणारे तुकडे कापण्याचे तंत्र रूढ केले आणि १९१५ मध्ये अस्थिरोपणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, आणि प्रौढांच्या न सांधलेल्या मोडी त्यामुळे सांधू लागल्या. साहजिकच तेच मुलांच्या खोट्या सांध्यावर करून पाहिले गेले, आणि तेथे ते हरले. लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी १८९१ मध्ये मुलांच्या न सांधणाऱ्या मोडींवर लिहिताना या व्याधीचा हट्टीपणा नोंदवला होताच. आता असे दिसू लागले की रोपलेले निरोगी हाडसुद्धा काही महिन्यांत क्ष-किरण चित्रावर पुसट होत होत नाहीसे होते.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांतल्या शस्त्रक्रिया वाचताना शल्यविशारदांची जिद्द आणि अगतिकता दोन्ही दिसतात. अमेरिकेतल्या मेम्फिस येथील हॅरोल्ड बॉइड यांनी १९४१ मध्ये खोट्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना हाडाची एकेक जाड पट्टी लावून, तिथल्या बोळात मऊ हाड भरून, स्क्रूने आवळण्याची दुहेरी पट्टीची पद्धत मांडली. लिव्हरपूलचे मॅकफार्लंड यांनी १९५१ मध्ये वेगळी वाट धरली: नडगी मोडण्याआधीच, वाकलेल्या भागाच्या मागच्या बाजूने हाडाची पट्टी पुलासारखी टाकावी, म्हणजे भार त्या पुलावरून जाईल आणि आजारी जागेला हातच लागणार नाही. टोरंटोच्या फार्मर यांनी १९५२ मध्ये चांगल्या पायातले हाड त्यावरच्या कातडीसकट आणि रक्तपुरवठ्यासकट सोडवून आजारी पायाला जोडले. रक्तवाहिन्या नव्या जागी धरेपर्यंत मुलाचे दोन्ही पाय एकमेकांवर ठेवून प्लॅस्टरमध्ये बांधून ठेवावे लागत. मँचेस्टरचे जॉन चार्न्ली, ज्यांचे नाव पुढे खुब्याच्या कृत्रिम सांध्यामुळे जगभर झाले, त्यांनी १९५६ मध्ये हाडाच्या पोकळीतून धातूची सळई घालून नडगीला आतून कणा देण्याचा मार्ग दाखवला. चौघांच्याही मांडणीत एक गृहीतक समान आहे: दोष हाडात आहे, तेव्हा उत्तर अधिक चांगल्या, अधिक भक्कम, अधिक जिवंत हाडात असले पाहिजे. अनेक शस्त्रक्रिया होऊनही नडगी सांधली नाही की पाय कापून कृत्रिम पाय लावणे हा शेवटचा उपाय उरत असे, आणि त्या काळच्या काही सर्जनांनी प्रामाणिकपणे असेही म्हटले की मुलाचे सारे बालपण इस्पितळात घालवण्यापेक्षा तो उपाय आधीच करावा.

दोष हाडाच्या भोवती आहे ही कल्पना हळूहळू रुजली. जर्मन रोगनिदानतज्ज्ञ फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये वर्णन केलेल्या, मज्जातंतूंवर गाठी येणाऱ्या आणि कातडीवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग उमटवणाऱ्या आनुवंशिक आजाराशी या खोट्या सांध्याचा संबंध १९३७ च्या सुमारास ड्युक्रोके यांनी दाखवला; आज खोटा सांधा असलेल्या मुलांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांत तो आजार आढळतो असे मानले जाते. त्याला कारणीभूत जनुक सतराव्या गुणसूत्रावर १९९० मध्ये सापडले. पर्यास्थि, म्हणजे ओलिए यांनी हाडाची जननी ठरवलेले तेच वेष्टन, या मुलांत आजारी जागेभोवती जाड, तंतुमय आणि रक्तपुरवठ्याला आवळणारे बनलेले असते. तेथे हाड रचणाऱ्या पेशी दुबळ्या आणि हाड पोखरणाऱ्या पेशी जोरात असतात. फेड करणाराच दिवाळखोर निघाला तर उसने हाड कितीही चांगले असून उपयोग काय, हे कोडे अशा रीतीने उलगडले. त्यावरच्या उपायांकडे वळण्यापूर्वी उसने हाड येते कोठून, याची मुंबईतली हकीकत पाहणे आवश्यक आहे.

मुंबईत मुलांच्या हाडांच्या उपचाराला स्वतंत्र स्थान मिळाले ते विसाव्या शतकाच्या मध्याकडे. परळला वाडिया कुटुंबाच्या देणगीतून बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ मध्ये उभे राहिले, आणि मुलांसाठी वेगळे इस्पितळ असावे ही कल्पनाच देशात नवी असताना ते चालू लागले. दुसरा टप्पा पोलिओने घडवला. स्वातंत्र्यचळवळीतल्या कार्यकर्त्या फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाल्यावर त्यांनी १९४७ मध्ये, शल्यविशारद डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या चौपाटीवरच्या दवाखान्याच्या आधाराने, अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजी अलीजवळचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय वाढले, आणि त्याच परिसरात १९५५ मध्ये केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. या काळातल्या बालअस्थिशल्याचे मुख्य काम पोलिओचे होते: ताठरलेले सांधे सोडवणे, स्नायूंची टोके हलवणे, वाकड्या हाडांना सरळ करणे, कॅलिपर बसवणे. जन्मजात खोट्या सांध्याचे एखादेच मूल त्या गर्दीत येत असे. तरीही वाढत्या हाडाशी वर्षानुवर्षे संयमाने वागण्याची सवय मुंबईच्या सर्जनांना पोलिओनेच लावली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

मुलाला हाड द्यायचे तर काढायचे कोठून ही अडचण मात्र प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक होती. स्वतःचेच हाड सर्वांत चांगले हे सर्वमान्य होते आणि आजही आहे, कारण त्यात जिवंत पेशी असतात आणि शरीर त्याला परके मानत नाही. प्रौढ माणसाच्या कमरेच्या हाडाच्या कडेतून ते पुरेसे मिळते. दोन-तीन वर्षांच्या मुलाची ती कड मात्र बरीचशी कूर्चेची, म्हणजे अजून हाड न बनलेल्या मऊ भागाची असते आणि तिच्यातून निघणारे हाड मूठभरही नसते. दुसऱ्या पायाच्या पोटरीचे हाड काढले तर तिकडचा घोटा वाकडा होण्याची भीती, आणि पहिली शस्त्रक्रिया फसून दुसरी, तिसरी करायची वेळ आली की शरीरातला साठाच संपत येतो. बापाचे किंवा आईचे हाड घेण्याचे प्रयत्नही जगात अनेक ठिकाणी झाले. हवानाच्या इनक्लान यांनी १९४२ मध्ये थंड तापमानात साठवलेले हाड वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि बोन बँक, म्हणजे अस्थिपेढी, ही कल्पना शल्यजगतात आली; अमेरिकी नौदलाने १९४९ मध्ये बेथेस्डा येथे ऊतीपेढी उघडून तिला संस्थेचे रूप दिले. खुब्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्यावर प्रत्येक वृद्ध रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा काढून टाकलेला गोल माथा हा पेढीचा हुकमी माल झाला. मॅकएवेन यांच्या पाचरींप्रमाणे हेही एरवी फेकूनच दिले जाणारे हाड.

पेढीतल्या हाडाचा धोका जंतूंचा. अमेरिकेत १९८४ मध्ये रोपलेल्या हाडातून एका रुग्णाला एड्सच्या विषाणूचा संसर्ग झाल्याचे १९८८ मध्ये जाहीर झाले, आणि जगभरच्या अस्थिपेढ्यांना आपली तपासणी नव्याने आखावी लागली. योगायोग असा की त्याच १९८८ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ऊतीपेढी स्थापन झाली, आणि तिने पहिल्यापासून निर्जंतुकीकरणासाठी किरणोत्सर्गाचा मार्ग धरला. कर्करोगाच्या रुग्णालयाने हे काम हाती घेण्यामागे दोन कारणे एकत्र आली होती. हाडाच्या कर्करोगात किशोरवयीन मुलांच्या हाडांचे मोठे भाग कापून काढावे लागतात आणि ती पोकळी कशाने तरी भरावी लागते, हे पहिले; आणि १९४१ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली असल्यामुळे खाडीकाठच्या अणुसंशोधन केंद्राशी त्याचे घरचेच नाते होते, हे दुसरे. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आशिया आणि पॅसिफिक विभागातल्या देशांसाठी चालवलेल्या ऊतीपेढ्यांच्या प्रकल्पाचाही तिला हात मिळाला. पेढीची घडी डॉ. अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी बसवली, आणि गरीब देशात अशी पेढी कशी उभी करावी याविषयी त्यांनी पुढे आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत लिहिले.

पेढीतली प्रक्रिया वरवर साधी आणि प्रत्यक्षात चिकाटीची आहे. दात्याच्या रक्ताची विषाणूजन्य कावीळ, एड्स आणि उपदंश यांसाठी तपासणी होते. हाड स्वच्छ करून त्यातली चरबी, मज्जा आणि रक्त धुऊन काढले जाते, कारण परकेपणाची प्रतिक्रिया मुख्यतः त्यांतल्या पेशींमुळे होते. मग ते गोठवून निर्वात पोकळीत सुकवले जाते, म्हणजे त्यातला बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जातो आणि हाड साध्या तापमानालाही टिकते. शीतकपाट आणि अखंड वीज यांची खात्री नसलेल्या देशात या एका गुणाचे मोल मोठे. शेवटी बंद पाकिटातच त्याच्यावर कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूतून निघणाऱ्या गॅमा किरणांचा मारा केला जातो. त्याची प्रमाणमात्रा २५ किलोग्रे, म्हणजे प्रत्येक किलोग्रॅममागे २५ हजार ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम सहा अंश सेल्सियसने तापते, पण जंतूंची जनुकद्रव्ये मात्र छिन्नविच्छिन्न होतात. मात्रा याहून बरीच वाढवली तर हाड ठिसूळ होते. सुकवल्याने ते आधीच थोडे कडक झालेले असते, म्हणून रोपणापूर्वी ते निर्जंतुक द्रावात भिजवून घ्यावे लागते. प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या गर्भजलपिशवीचे पातळ आवरणही याच पद्धतीने जखमांवर लावण्यासाठी तयार होऊ लागले.

हा किरणांचा मारा होई तो तुर्भ्याला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने १९७४ मध्ये आयसोमेड हा वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणारा प्रकल्प सुरू झाला होता. इंजेक्शनच्या सुया, टाके घालण्याचे दोरे, कापसाच्या पट्ट्या यांच्याबरोबर परळहून आलेली हाडांची पाकिटेही त्यातून जाऊ लागली. १९८९ मध्ये विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ स्वतंत्र झाले, आयसोमेड त्याच्याकडे आले, आणि मंडळाचे मुख्यालय खाडीपलीकडे वाशीला, फळबाजाराच्या शेजारी, थाटले गेले. येथे स्थळनामांची एक गंमत नोंदवण्यासारखी आहे: इंग्रजी अमदानीत ज्याचे ट्रॉम्बे झाले ते खाडीच्या पश्चिम काठावरचे गाव मराठीत तुर्भेच, आणि पूर्व काठावर नवी मुंबईतही एक तुर्भे आहे, ज्याच्या लगत कृषी उत्पन्न बाजार समितीच्या पेठा वसल्या. त्या पेठांतल्या मिरची, हळद, धण्यांसाठी मंडळाने २००० साली वाशीतच विकिरण प्रकल्प सुरू केला. राजस्थानातल्या अणुभट्ट्यांत तयार झालेला एकाच जातीचा कोबाल्ट अशा रीतीने एका काठावर मसाल्यातली कीड व बुरशी मारतो आणि दुसऱ्या काठावर हाडातले जंतू; फरक प्रामुख्याने मात्रेचा. दर सव्वापाच वर्षांनी त्याचा जोर निम्मा होत असल्याने दोन्हीकडे तो वेळोवेळी नव्याने भरावा लागतो.

नवी मुंबईच्या इतिहासात १९८९ हे वर्ष आणखी एका कारणाने मोजावे लागते. सिडकोने १९७० पासून आखलेल्या या शहरात त्याच वर्षी महात्मा गांधी मिशनचे आणि डॉ. डी. वाय. पाटील यांच्या नावाचे अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, आणि खाडी ओलांडून परळला जाण्याची सवय असलेल्या पनवेल-उरणकडच्या कुटुंबांना अस्थिव्यंग विभाग असलेली इस्पितळे कामोठे आणि नेरुळला मिळाली. ऊतीपेढ्यांविषयीचा कायदा मात्र मागे रेंगाळला. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांचा विचार करून केला होता. हाड, कातडी, हृदयाच्या झडपा यांसारख्या ऊतींचा स्पष्ट समावेश २०११ च्या दुरुस्तीने झाला आणि तिचे नियम २०१४ मध्ये आले. म्हणजे पेढी आधी आणि तिला नाव देणारा कायदा तेवीस वर्षांनी, असा हा क्रम आहे.

पेढीतले हाड मुलांच्या साध्या पोकळ्यांत, उदाहरणार्थ हाडातली द्रवाने भरलेली गाठ खरवडून काढल्यावर उरणाऱ्या खळग्यात, उत्तम काम देते. खोट्या सांध्यात ते एकटे पुरत नाही, याचे कारण वर आलेच आहे: त्यात जिवंत पेशी नसतात, आणि जागा पेशी पुरवू शकत नाही. तेथे ते स्वतःच्या हाडाच्या जोडीला भर म्हणून किंवा आधाराची पट्टी म्हणून येते. या मर्यादेवर तीन वेगवेगळ्या दिशांनी मात करण्याचे प्रयत्न झाले. मेलबर्नच्या टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटरीचे हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट काढून, सूक्ष्मदर्शकाखाली ती वाहिनी नव्या जागच्या वाहिनीला टाचून, जिवंत हाड रोपण्याची शस्त्रक्रिया १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. फार्मर यांनी मुलांचे पाय एकमेकांना बांधून जे साधू पाहिले ते आता एका दिवसात साधू लागले. सैबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांनी १९५१ पासून विकसित केलेल्या कड्यांच्या बाह्य चौकटीने आजारी भाग कापून टाकून वरचे निरोगी हाड दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने खाली सरकवणे शक्य झाले, आणि १९८० च्या दशकात ही चौकट पश्चिमेकडे व त्यानंतर भारतात आली. तिसरी दिशा मणिपालची. कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. बेंजामिन जोसेफ आणि मॅथ्यू यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत आजारी भाग काढून, हाडाच्या पोकळीतून रॉड घालून, दुसऱ्या पायाच्या नडगीतून काढलेल्या हाडाच्या पट्ट्या वरून लावल्या होत्या. तीत बॉइड यांची पट्टी आणि चार्न्ली यांची सळई एकत्र आल्या, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना मोठे होईपर्यंत थांबवण्याचा रिवाजही तिने प्रश्नांकित केला.

एकविसाव्या शतकात या धाग्यांची वीण घट्ट झाली. अमेरिकेतल्या मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले होते की क्षार काढून टाकलेले हाड जेथे ठेवावे तेथे नवे हाड उगवते. त्यातले हे घडवणारे प्रथिन पुढे कारखान्यात तयार होऊन वापरात आले. हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालणारी झोलेड्रोनेटसारखी औषधे सिडनीच्या डेव्हिड लिटल यांच्या गटाने मुलांच्या हाडांत अभ्यासली. सोलचे इन हो चोई आणि अमेरिकेतले ड्रॉर पेली यांनी नडगी आणि पोटरी या दोन हाडांना खोट्या सांध्याच्या पातळीवर एकमेकांना जोडून एकच रुंद हाड घडवण्याची कल्पना मांडली: बारीक हाड सांधायला कठीण आणि पुन्हा मोडायला सोपे, तर रुंद हाड सांधायला सोपे आणि मोडायला कठीण, असे तिच्यामागचे साधे यंत्रशास्त्र. आजारी वेष्टन मुळापासून कापायचे, कमरेच्या हाडावरचे निरोगी वेष्टन आणून गुंडाळायचे, त्यात स्वतःचे मऊ हाड भरायचे, आतून रॉड आणि बाहेरून चौकट किंवा प्लेट. ओलिए यांचे वेष्टन आणि मॅकएवेन यांचे तुकडे, ज्यांवरून एकेकाळी वाद होता, ते दोन्ही या एकाच शस्त्रक्रियेत एकत्र आलेले दिसतात. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते.

या सगळ्याचा खर्च आणि वेळ मोठा आहे, आणि तो कुटुंबाला एकदा नव्हे, वाढीच्या सगळ्या वर्षांत सोसावा लागतो. राज्यातल्या मोफत शल्यविमा योजनेचा, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा, पहिला टप्पा जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत रायगड होता, म्हणून खारघर, कळंबोली, कामोठे, पनवेल या पट्ट्यातल्या कुटुंबांना तिचा लाभ लवकर मिळू लागला. तीच योजना पुढे महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालू राहिली. मुलांच्या जन्मजात व्यंगांची गावोगाव तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच सुरू झाला. त्याच्या यादीत वाकडा पाय आणि निखळलेला खुबा आहेत, जन्मजात खोटा सांधा मात्र नावाने नाही. अंगणवाडीत तपासणी करणाऱ्या पथकाने वाकलेली नडगी आणि कातडीवरचे कॉफीच्या रंगाचे डाग एकत्र पाहिले तर ते मूल मोडीच्या आधी, म्हणजे मॅकफार्लंड यांना हवे होते त्या वेळी, तज्ज्ञापर्यंत पोचू शकते. त्या अवस्थेत बऱ्याचदा शस्त्रक्रियेऐवजी आधी नडगीला बाहेरून पूर्ण आधार देणारे कवच लावतात आणि मोड शक्य तितकी लांबवतात.

शस्त्रक्रिया झाली आणि नडगी सांधली, तरी हिशेब पुरा होत नाही. सांधलेली नडगी पुन्हा मोडण्याचा धोका वाढ संपेपर्यंत राहतो, त्यामुळे या व्याधीतले यश शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी मोजत नाहीत, हाडांची वाढ पुरी झाल्यावर मोजतात. आतला रॉड वाढत नाही आणि नडगी वाढते. काही वर्षांत त्याचे टोक हाडाच्या मध्येच अडकून राहते आणि त्याच्या पलीकडचा भाग आधाराविना उरतो. तेव्हा मुलाला पुन्हा दाखल करून लांब रॉड घालावा लागतो, आणि त्या भेटीतल्या क्ष-किरण चित्रात सर्जनची नजर रॉडच्या टोकाआधी जाते ती खालच्या तिसऱ्या भागातल्या त्या जुन्या जागेकडे, तेथली रेघ पुसट झाली आहे की पुन्हा उघडते आहे हे पाहायला.